राजवैद्य नको, जागी सभा हवी!

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या घराघरांत इतकी रुळली आहे की, ती खरी की खोटी हे पाहण्याची तसदी आपण कधी घेत नाही. आजोबांनी चष्मा कपाळावर ठेवून सारे घर धुंडाळले, तर आपण हसतो आणि विसरून जातो. परंतु ज्याच्या एका सहीने सैन्ये हलतात, कर वाढतात आणि अण्वस्त्रेही सुटू शकतात, अशा राज्यकर्त्याच्या ठिकाणी तोच विसरभोळेपणा दिसू लागला, तर? तेथे हसून भागत नाही. त्याची बुद्धी शाबूत आहे की नाही हे कोणी ठरवावयाचे, कसे ठरवावयाचे, आणि ठरल्यानंतर त्याच्या तोंडावर ते सांगावयाचे कोणी, असे तीन प्रश्न उभे राहतात. जगातील सर्वांत बलाढ्य लोकशाहीला या तीन प्रश्नांनी अलीकडच्या काळात पुरते हैराण करून सोडले आहे.

अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जो बायडेन हे २७ जून २०२४ रोजी अटलांटा येथे डोनाल्ड ट्रम्प यांच्याशी जाहीर वादविवादास उभे राहिले, तेव्हा त्यांचे वय ८१ होते. आवाज क्षीण झालेला, वाक्ये अर्ध्यावर तुटणारी, विचाराचा धागा हातून निसटणारा, असे त्यांचे रूप त्या रात्री कोट्यवधी लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. निकटवर्तीयांनी सर्दीचे कारण पुढे केले. ते कोणालाही पटले नाही, आणि चोवीस दिवसांनी, २१ जुलै रोजी, बायडेन यांनी निवडणुकीतून अंग काढून घेतले. त्यांच्या प्रकृतीचे निदान करण्याचा अधिकार आमचा नाही व तशी आमची इच्छाही नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. त्या रात्रीच्या आदल्या दिवसापर्यंत त्यांच्या पक्षाचे धुरीण ‘अध्यक्ष ठणठणीत आहेत’ अशी ग्वाही कशाच्या आधारावर देत होते? आणि उमेदवारी सोडल्यानंतरही २० जानेवारी २०२५ पर्यंत राज्यशकट त्यांच्याच हाती राहिला. प्रचाराची दगदग झेपत नाही, पण राज्याची झेपते, या दोन विधानांचा मेळ घालण्याची जबाबदारी त्या सहा महिन्यांत कोणी पत्करली?

त्याच दिवशी शपथ घेणारे ट्रम्प हे ७८ वर्षांचे होते. शपथविधीच्या वेळचे वय पाहिले, तर तोवरच्या अमेरिकी अध्यक्षांत ते सर्वांत वयोवृद्ध ठरले! प्रतिस्पर्ध्याच्या वार्धक्यावर ज्यांनी मनसोक्त तोंडसुख घेतले, त्यांच्याच दाराशी तो प्रश्न येऊन उभा राहिला. काळ हा असा निःपक्षपाती आहे.

यावर साधारणपणे तीन उपाय सुचविले जातात. वयाची मर्यादा घाला, हा पहिला. डॉक्टरांकडून परीक्षा करवा, हा दुसरा. आणि दुरून पाहणाऱ्या तज्ज्ञांचे मत विचारा, हा तिसरा. तिन्ही दिसावयास सोपे आहेत. परंतु इतिहासाच्या सहाणेवर घासून पाहिले असता तिन्ही अपुरे ठरतात.

वयाचेच प्रथम पाहू. कोनराड आडेनॉअर हे १९४९ साली पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर झाले तेव्हा ७३ वर्षांचे होते. युद्धाने बेचिराख झालेले राष्ट्र त्यांनी सावरले आणि १९६३ साली ८७व्या वर्षी पद सोडले. आपले मोरारजी देसाई २४ मार्च १९७७ रोजी पंतप्रधान झाले ते ८१व्या वर्षी. त्यांच्या धोरणांशी आणि हेकटपणाशी मुंबईकरांचे हाडवैर होते; परंतु त्यांची बुद्धी वयाने मंदावली आहे, असा आरोप त्यांच्या कडव्या विरोधकांच्याही तोंडी शोभला नसता. उलटपक्षी, अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना २ ऑक्टोबर १९१९ रोजी पक्षाघाताचा झटका आला तेव्हा ते अवघे ६२ वर्षांचे होते. वयाची रेषा आखली असती, तर आडेनॉअर घरी गेले असते आणि विल्सन पदावर राहिले असते! जन्मतारीख दाखल्यावर असते. बुद्धी दाखल्यावर नसते.

मग डॉक्टरांची परीक्षा? ट्रम्प यांनी २०१८ साली आणि पुन्हा २०२५ साली ज्या चाचणीत तीसपैकी तीस गुण मिळविले, ती ‘मॉन्ट्रियल’ चाचणी साधारण दहा मिनिटांची असते. घड्याळाची तबकडी काढावयाची, प्राण्यांची चित्रे ओळखावयाची, शंभरातून सात-सात वजा करीत जावयाचे, पाच शब्द ऐकून थोड्या वेळाने पुन्हा सांगावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. स्मृतिभ्रंशाची चाहूल वेळीच लागावी म्हणून ती तयार झाली आणि त्या कामी ती उपयुक्तही आहे. परंतु सिंह आणि उंट यांतील फरक कळणे म्हणजे युद्ध आणि तह यांतील फरक कळणे नव्हे. विवेक, संयम, विरुद्ध मत ऐकून घेण्याची ताकद आणि स्वतःची चूक ओळखण्याची तयारी हे राज्यकर्त्याचे खरे गुण होत. त्यांना त्या तीस गुणांत एकही गुण नाही. शिवाय हा निकाल जाहीर कोण करतो? ज्याची परीक्षा झाली, त्याच्याच पदरी असलेला वैद्य! राजवैद्याने राजाला नापास केल्याचे उदाहरण शोधू जाता सहसा सापडत नाही.

आणि राजवैद्याने नापास केलेच, तर त्याने लोकशाहीचे भले होतेच असेही नाही. ट्युनिशियाचे स्वातंत्र्यवीर आणि तहहयात अध्यक्ष हबीब बुर्गिबा यांना ७ नोव्हेंबर १९८७ रोजी सात डॉक्टरांच्या दाखल्याच्या आधारावर ‘असमर्थ’ ठरवून दूर करण्यात आले. दूर करणारे होते त्यांचेच पंतप्रधान बेन अली. बुर्गिबा वृद्ध आणि विकल झाले होते, यात शंका नाही. परंतु त्या दाखल्याच्या बळावर गादीवर बसलेले बेन अली पुढे तेवीस वर्षे हलले नाहीत. २०११ साली जनता रस्त्यावर उतरली, तेव्हाच ते देश सोडून पळाले. दाखला डॉक्टरांचा होता, राजवट मात्र दंडुक्याची आली.

तिसरा उपाय दुरून निदान करण्याचा. अमेरिकेतील ‘फॅक्ट’ नावाच्या नियतकालिकाने १९६४ साली अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्या मनःस्वास्थ्याविषयी बारा हजारांवर मानसोपचारतज्ज्ञांना प्रश्नपत्रिका धाडली. त्यांपैकी १,१८९ जणांनी ‘अपात्र’ असा शेरा मारला. आपल्या समोर रुग्ण म्हणून कधी न बसलेल्या माणसावर दिलेला हा निकाल होता! गोल्डवॉटर यांनी बदनामीचा दावा लावून तो जिंकला, आणि १९७३ साली तेथील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने नियम केला की, प्रत्यक्ष तपासणी व संमती यांवाचून कोणा सार्वजनिक व्यक्तीचे निदान जाहीर करू नये. हा नियम योग्यच आहे. राजकीय मतभेदाला रोगाचे नाव देण्याची सोय एकदा झाली की, आज ती ज्याच्यावर चालते त्याच्यावर उद्या थांबत नाही.

तेव्हा वय नको, दाखला नको, दुरून निदानही नको. मग हवे काय? याचे उत्तर विल्सन यांच्या आजाराच्या कथेतच दडलेले आहे. पक्षाघाताने त्यांची डावी बाजू लुळी पडली. त्यांच्या पत्नी ईडिथ आणि खासगी डॉक्टर ग्रेसन यांनी आजाराचे खरे स्वरूप देशापासून लपविले. कोणते कागद अध्यक्षांपुढे जावेत आणि कोणते जाऊ नयेत, हे शयनगृहाच्या दाराशी ईडिथबाई ठरवू लागल्या. परराष्ट्रमंत्री लॅन्सिंग यांनी मंत्रिमंडळाच्या बैठका बोलाविण्याचे धाडस केले, तर फेब्रुवारी १९२० मध्ये विल्सन यांनी त्यांचाच राजीनामा घेतला. ज्या व्हर्सायच्या तहासाठी आणि राष्ट्रसंघासाठी विल्सन यांनी आयुष्य पणाला लावले होते, तो तह याच काळात सेनेटने दोनदा फेटाळला. तडजोड घडवून आणू शकणारा नेता अंथरुणाला खिळला होता आणि तो खिळला आहे हे कबूल करावयास कोणी तयार नव्हते. आजाराने जेवढी हानी केली, त्याहून अधिक लपवाछपवीने केली.

येथे आमच्या व्यवसायाचाही अपराध नोंदविला पाहिजे. विन्स्टन चर्चिल यांना २३ जून १९५३ रोजी, पंतप्रधानपदी असताना, पक्षाघाताचा झटका आला. ब्रिटिश वृत्तपत्रांच्या मातब्बर मालकांना ते ठाऊक होते. मैत्रीखातर त्यांनी मौन पाळले. चर्चिल सुदैवाने सावरले आणि एप्रिल १९५५ पर्यंत पदावर राहिले. म्हणून ते मौन आज कौतुकाने सांगितले जाते. परंतु ते सावरले नसते तर? ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण कुटुंबाच्या अब्रूला लागू पडेल; राज्याच्या कारभाराला ती लागू केली, की मूठ उघडेपर्यंत तिजोरी रिकामी झालेली असते.

अमेरिकेने या अनुभवांतून काही शिकून १९६७ साली राज्यघटनेत पंचविसावी दुरुस्ती अमलात आणली. उपाध्यक्ष आणि मंत्रिमंडळाचे बहुमत यांनी लेखी कळविल्यास असमर्थ अध्यक्षाचे अधिकार उपाध्यक्षाकडे जातात; अध्यक्षाने हरकत घेऊन वाद कायम राहिला, तर दोन्ही सभागृहांना दोन-तृतीयांश बहुमताने निकाल द्यावा लागतो. रचना विचारपूर्वक केलेली आहे. तथापि या कलमाने आजवर एकाही अध्यक्षाला दूर केलेले नाही. ज्यांनी बोलावयाचे ते सारे त्या अध्यक्षानेच नेमलेले किंवा निवडलेले असतात. कलम कागदावर आहे. जीभ उचलण्याचे धैर्य कोणत्याही कागदावर लिहून ठेवता येत नाही.

महाभारतातील द्यूतसभेचे स्मरण येथे कोणत्याही मराठी वाचकाला झाल्यावाचून राहणार नाही. भीष्म वृद्ध होते म्हणून द्रौपदीची विटंबना झाली नाही. धृतराष्ट्र आंधळा होता म्हणूनही झाली नाही. समोर काय घडत आहे ते ज्यांना स्पष्ट दिसत होते, ते माना खाली घालून बसले म्हणून झाली. राजा थकतो, हा निसर्गनियम आहे. सभा गप्प बसते, हा अपराध आहे.

आपण मात्र अमेरिकेकडे बोट दाखवून मोकळे होऊ शकत नाही. जानेवारी १९६४ मध्ये भुवनेश्वरच्या काँग्रेस अधिवेशनात पंडित नेहरू आजारी पडले. लालबहादूर शास्त्री यांना बिनखात्याचे मंत्री म्हणून मंत्रिमंडळात परत आणून कारभाराला टेकू देण्यात आला. मे महिन्यात नेहरू गेले. १९८४ साली तामिळनाडूचे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन हे अमेरिकेतील रुग्णालयात असताना त्यांच्या पक्षाने निवडणूक जिंकली. वाणीवर परिणाम झालेल्या अवस्थेत ते १९८७ अखेर मृत्यूपर्यंत मुख्यमंत्री राहिले. अशा वेळी राज्य खरोखर कोणाच्या हाती असते, याचे उत्तर आपल्या घटनेत शोधू गेल्यास निराशा पदरी पडते. सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश ६५व्या आणि उच्च न्यायालयाचा ६२व्या वर्षी निवृत्त होतो. मंत्र्याला तशी मर्यादा नाही. राष्ट्रपती आजारी असतील तर उपराष्ट्रपती त्यांची कामे पाहतील, असे घटना सांगते. पंतप्रधान वा मुख्यमंत्री असमर्थ झाल्यास काय, याविषयी ती मूक आहे. सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरविलेला सदस्य अपात्र होतो खरा. परंतु ती शेवटची पायरी झाली, आणि तिच्या अलीकडे फार मोठा उतार आहे.

त्यातच १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने सभेचे मौन आणखी घट्ट केले. पक्षादेशाविरुद्ध मत दिले तर सदस्यत्व जाते. अशा स्थितीत आपल्याच थकलेल्या नेत्याला ‘आता पुरे’ असे सांगणारा आमदार-खासदार कोठून यावा?

म्हणून आमच्या सूचना तीन आहेत. पहिली, पंतप्रधान व मुख्यमंत्री यांच्या असमर्थतेच्या काळात अधिकार कोणाकडे आणि कोणत्या पद्धतीने जावेत, याची स्पष्ट तरतूद कायद्याने करावी. आणि ती कोणी आजारी पडण्यापूर्वी करावी, कारण रुग्णाच्या उशाशी बसून केलेला कायदा हा कायदा नसून कारस्थान वाटतो. दुसरी, प्रत्येक विधिमंडळ पक्षाने ठरावीक मुदतीनंतर आपल्या नेत्याची गुप्त मतदानाने फेरनिवड करावी. जे उघड बोलण्याची भीती वाटते, ते निदान मतपेटीत पडेल. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, राज्यकर्त्याने सभागृहात आयत्या वेळच्या प्रश्नांना आणि पत्रकार परिषदेत न पढविलेल्या प्रश्नांना नियमितपणे, कागदाच्या आधाराशिवाय तोंड द्यावे. याहून चांगली बुद्धीची चाचणी कोणत्याही वैद्याला अद्याप सापडलेली नाही. अटलांटाच्या त्या रात्री जे नव्वद मिनिटांत कळले, ते कळावयास अमेरिकेला इतका उशीर लागला, कारण तसे प्रसंग फार विरळ झाले होते.

वृद्धांविषयी आमच्या मनात तुच्छता नाही. ज्या समाजात आजोबांच्या शब्दाला मान असतो, त्या समाजाचे आम्ही पाईक आहोत. पण आपल्या परंपरेने वानप्रस्थाश्रमही सांगितला आहे, आणि तो शिक्षा म्हणून सांगितलेला नाही. भरल्या घरातून, हातपाय चालत असताना, मुलाच्या हाती किल्ल्या देऊन उठण्यात जी शोभा आहे, ती किल्ल्या हातातून काढून घेतल्या जाण्यात नाही. ती वेळ कोणती, हे ज्याचे त्याला कळले तर उत्तम. न कळल्यास ते सांगणे हे त्याच्या भोवतालच्या माणसांचे कर्तव्य आहे. आणि तेही मुके राहिले, तर मग प्रश्न विचारणे हे वृत्तपत्रांचे व मतदारांचे काम उरते. ते काम आपण टाळले, तर थकलेल्या राजाला नावे ठेवण्याचा अधिकारही आपल्याला राहणार नाही.