परिचारिकांच्या समाधानाचे मोजमाप

जुन्नर तालुक्यातील पिंपरी पेंढारच्या ज्या शिवारात २०२४ साली बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, त्या शिवारातून रात्रपाळीला निघालेल्या परिचारिकेला नोकरीविषयी ती कितपत समाधानी आहे असे विचारून तिच्या उत्तराचा आकडा मांडावयाचा, हे काम वाटते तितके सरळ नाही.

पॉल स्पेक्टर यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेली छत्तीस विधानांची प्रश्नावली वेतन, बढती, देखरेख, सहकारी, कामाचे स्वरूप अशा नऊ अंगांनी समाधान तपासते. ती उपयुक्त आहे. परंतु या नऊ अंगांत नोकरीची शाश्वती नाही, आणि २०२२ साली बाह्यस्रोत भरतीविरुद्ध संपावर गेलेल्या महाराष्ट्रातील परिचारिकांचे मुख्य गाऱ्हाणे तर तेच होते. रात्रीच्या वाटेची भीतीही तीत कोठे नाही.

दुसरा दोष बेरजेचा. बिबट्याने ओरबाडलेल्या माणसाची जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुणारी, भेदरलेल्या नातेवाइकांना धीर देत रेबीजची लस टोचणारी आणि त्यानंतर तोच तपशील निरनिराळ्या नोंदवह्यांत उतरवीत बसणारी कंत्राटी परिचारिका आपल्या कामावर मनापासून प्रेम करीत असेल व त्याच वेळी आपल्या तुटपुंज्या वेतनाने पिचलेलीही असेल. नऊ अंगांच्या गुणांची बेरीज करताच ती ‘मध्यम समाधानी’ ठरते, आणि अहवालातील हे दोन शब्द तिचे प्रेम व तिची पिळवणूक दोन्ही झाकून टाकतात. वेतन आणि परिस्थिती सुधारल्याने असमाधान हटते, समाधान मात्र प्रत्यक्ष कामातून व त्याच्या कदरीतून उपजते, हे मानसशास्त्रज्ञ हर्झबर्ग यांनी १९५९ मध्येच मांडले होते. त्या सिद्धान्तावर पुढे पुष्कळ वाद झाले. तरीही एवढा भेद आम्हांस मोलाचा वाटतो.

गोपनीयतेचे तर बोलावयासच नको. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात वय, हुद्दा आणि सेवेची वर्षे हे तीन रकाने भरले की नाव लिहिण्याची गरज उरत नाही. त्यात परिसेविकाच कागद गोळा करणार असेल, तर खरे उत्तर कोण देईल?

म्हणून अधिसेविकांना व संशोधकांना आमची आग्रहाची विनंती आहे की, प्रश्नावली वाटण्यापूर्वी रात्रपाळीच्या परिचारिकांशी बसून बोलावे, शाश्वती व प्रवास यांविषयीचे प्रश्न स्वतंत्रपणे जोडावेत, ओळख पटविणारे रकाने गाळावेत, प्रत्येक अंगाचा निष्कर्ष वेगळा मांडावा, आणि तो वरिष्ठांच्या दप्तरी दाखल होण्याआधी उत्तरे देणाऱ्यांना वाचून दाखवावा.