राखेखालील विस्तव

डिसेंबर महिन्याची थंडी पडूं लागली म्हणजे आपल्याकडे उघड्यावर विस्तव पेटविण्याचे दिवस येतात. रायगडाकडे वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यांत भरून पोपटी लावितात. सोलापुराकडे गोवऱ्यांच्या आरावर ज्वारीचा हुरडा भाजतात. आणि शहरांत अंगणांत किंवा गच्चीवर 'बार्बेक्यू' नांवाच्या जाळीच्या शेगडीवर कोंबडी, मासळी, पनीर भाजतात. ही मौज वाईट आहे असें आमचें मुळींच मत नाहीं. योहानकृत शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायांत प्रभूनें किनाऱ्यावर कोळशांच्या विस्तवापाशीं थकलेल्या शिष्यांना न्याहारीस बोलाविलें, ही कथा आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. एका विस्तवाभोवतीं बसून खाल्लेल्या घासाची गोडी निराळीच.

परंतु ज्यानें विस्तव पेटविला त्यानेंच तो विझवावा, हा धडा आपण विसरतों. पेटवितांना दहा हात पुढें येतात. विझवितांना एकही दिसत नाहीं.

गेल्या नाताळांतील आमचीच चूक सांगतों. रात्रीं जेवणें आटोपल्यावर शेगडींतील राख आम्हीं कुंपणाजवळ ओतली. वरून ती पांढरी व थंड दिसत होती. सकाळीं शेजारचा सहा वर्षांचा मुलगा चेंडू आणावयास तेथें अनवाणी धांवला, आणि त्याच्या तळपायास मोठे फोड आले. पायावर वीस मिनिटें गार पाणी सोडलें, दवाखान्यांत नेलें, पुढें पाय बराही झाला. पण तो लंगडत होता तितके दिवस त्याच्या आईकडे पाहण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

अधिक लाज याची कीं, हें आम्हांस ठाऊक असावयास हवें होतें. आमची आजी रात्रीं चुलींतील निखारा राखेखालीं पुरून ठेवी आणि पहांटे राख सारून त्याच निखाऱ्यावर चूल पेटवी. राख विस्तवास मारीत नाहीं. ती त्यास राखिते!

म्हणून जेवणें झाल्यावर निखाऱ्यांवर दुरून, थोडें थोडें पाणी घालावें. चिमट्यानें ढवळून पुन्हा घालावें. वाफ थांबली, आणि जवळ हात धरिला असतां ऊब लागेनाशी झाली, म्हणजेच विस्तव विझला असें समजावें. राख प्लास्टिकच्या डब्यांत किंवा वाळल्या पाचोळ्यावर कधींही टाकूं नये.

दुसरा धोका याहून गुप्त आहे. थंडी वाजते म्हणून कित्येक जण अर्धवट विझलेली शेगडी खोलींत आणून दारें लावून निजतात. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन त्यास प्राणवायूपेक्षां २०० पटींहून अधिक घट्ट धरितें. त्यामुळें निजलेला मनुष्य धोका न कळतांच प्राणास मुकतो. खिडकी किंचित् उघडी ठेवून हा धोका टळत नाहीं. शेगडीची जागा घराबाहेर, आणि तीही भिंती व पडद्यांपासून दूर. मंदावलेल्या निखाऱ्यांवर रॉकेल किंवा स्पिरिट ओतणें, हाही तसाच अविचार होय; भडका उसळून ओतणाऱ्याच्या तोंडावर येतो.

कांहीं पालक म्हणतात, मुलांस विस्तवाजवळ जाऊंच देऊं नये. लहानग्यांविषयीं आम्हांस हें पूर्ण मान्य आहे. परंतु थोरल्या मुलांस नुसतें दूर ठेविल्यानें तीं शहाणीं होत नाहींत. उद्यां तींच कोठें तरी शेगडी पेटवितील. त्यांस वडील माणसांच्या देखत विझविण्याचें काम द्यावें. जो पोर राख थंड झाल्याची खात्री करूनच झोपावयास जातो, तो पुढें शेजाऱ्याच्या लेंकरासही जपेल.

तेव्हां यंदा नाताळांत विस्तव पेटविण्यापूर्वींच एक गोष्ट ठरवून ठेवा: पाण्याची शेवटची बादली कोणाच्या हातीं राहणार?