मेडुसा नेमकी कोणाची?

इंग्रजी साहित्याच्या वर्गात ग्रीक पुराणकथेतल्या एखाद्या पात्रावर निबंध लिहायला सांगितला, की हल्ली मेडुसा हमखास निवडली जाते. पर्सी जॅक्सनची पुस्तके वाचून, मालिका पाहून मुले तिला आधीच ओळखत असतात. निबंध साधारण असा उतरतो : मेडुसा ही अथेनाच्या मंदिरातली सुंदर पुजारीण. पोसायडनने तिच्यावर अत्याचार केला, शिक्षा मात्र अथेनाने तिलाच दिली. केसांचे साप झाले, नजर जाईल त्याचा दगड होऊ लागला, शेवटी पर्सियसने तिचे मुंडके उडवले. म्हणून मेडुसा ही पुरुषसत्तेची बळी आहे. शिक्षक दोन-चार स्पेलिंग दुरुस्त करतात, समासात ‘छान’ लिहितात, गुण देतात आणि वही परत जाते.

या निबंधातला राग खरा आहे आणि तो जपायला हवा. पण दुरुस्तीची खरी जागा स्पेलिंगमध्ये नाही, ‘ही गोष्ट सांगतो कोण?’ या प्रश्नात आहे.

इसवी सनापूर्वी सातशेच्या सुमारास ग्रीक कवी हेसिअडने देवदेवतांची वंशावळ रचली. तीन गॉर्गन बहिणींपैकी मेडुसा तेवढी मर्त्य, एवढे तो सांगतो. पोसायडन तिच्याशी रत झाला तो फुललेल्या कुरणात, असेही सांगतो. तिथे मंदिर नाही, शाप नाही, केसांत सापही नाहीत. पर्सियसने डोके छाटल्यावर तिच्या धडातून पेगासस हा घोडा आणि क्रिसेऑर ही तिची मुले बाहेर पडली, की हेसिअडची मेडुसा संपली.

कॉर्फू बेटावरच्या आर्टेमिसच्या मंदिराचे शिल्प इसवी सनापूर्वी 580 च्या आसपासचे. आज ते तिथल्याच संग्रहालयात आहे. त्यातली मेडुसा माणसाहून कितीतरी मोठी, गुडघ्यात वाकून धावणारी, डोळे वटारलेली. कमरेला दोन सापांचा पट्टा, त्यांची तोंडे समोरासमोर. गंमत पुढेच आहे : डोके धडावर शाबूत असताना तिची दोन्ही मुले तिच्या शेजारी हजर आहेत. कथेतला आधी-नंतरचा क्रम शिल्पकाराला महत्त्वाचा वाटलेला नाही. मंदिराच्या दर्शनी भागावर, सगळ्यांत ठळक जागी त्याने तिला बसवले. निव्वळ बळी ठरलेल्या बाईला अशी जागा का मिळावी, या एका प्रश्नावर निबंधाचे पानभर लिहून होईल.

शाप कुठून आला? आपल्या ओळखीच्या रूपात तो भेटतो रोमन कवी ऑव्हिडकडे, हेसिअडनंतर सुमारे सातशे वर्षांनी, लॅटिनमध्ये. त्याच्या ‘मेटामॉर्फोसेस’च्या चौथ्या भागाच्या अखेरीस मोजक्याच ओळी आहेत. नेपच्यूनने (म्हणजे पोसायडनने) मिनर्व्हाच्या (म्हणजे अथेनाच्या) मंदिरात मेडुसाला भ्रष्ट केले, देवीने तोंड फिरवले आणि मेडुसाच्या केसांचे साप केले. ती पुजारीण होती, असे ऑव्हिड म्हणत नाही. नजरेने दगड होण्याची शक्ती ही शिक्षाच होती, असेही तो तिथे म्हणत नाही. हे दोन्ही पुढच्यांनी जोडले आणि आज ते मूळ कथा म्हणून फिरते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ऑव्हिडच्या काव्यात हा किस्सा खुद्द पर्सियस सांगतो. अँड्रोमेडाशी त्याचे लग्न झाले आहे, मेजवानी चालू आहे आणि एक पाहुणा विचारतो, त्या बहिणींत हिच्याच केसांत साप का? मारणारा माणूस जेवणाच्या पंगतीत मारलेल्या बाईची कथा सांगतो.

आता विद्यार्थ्याचे वाक्य पुन्हा लिहून पाहावे. ‘ग्रीक पुराणात मेडुसा पुरुषसत्तेची बळी आहे’ याऐवजी : ‘ऑव्हिडच्या काव्यात मेडुसावरचा अत्याचार आपल्याला तिच्या मारेकऱ्याच्या तोंडून कळतो, तिला स्वतःला एक ओळही बोलायला मिळत नाही.’ राग तोच आहे, पण आता तो ओळीवर बोट ठेवून सिद्ध करता येतो.

हे शिकायला मराठी मुलांना अथेन्सला जाण्याची गरज नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात शेकडो हस्तलिखिते पडताळून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये व्यक्तिरेखा तपासल्या त्या याच संहितेच्या आधाराने. ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हा द्रौपदीच्या तोंडचा प्रसिद्ध टोमणा त्या संहितेत नाही. दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा भीम, अर्जुन, नकुल, सहदेव हसतात. तिथे द्रौपदीचे नाव नाही. ती हसली, हे पुढे दुर्योधनच धृतराष्ट्राला सांगतो. अपमानाने पेटलेल्या माणसाची ती साक्ष आहे आणि साक्ष कोणाची यावर पात्राचा न्याय ठरतो.

नव्या वाचनांना यामुळे बाध येत नाही. फ्रेंच लेखिका एलेन सिक्सूने 1975 मध्ये आपल्या निबंधात मेडुसाला हसवले. लुचियानो गार्बातीच्या 2008 च्या शिल्पात मेडुसाच्या हाती पर्सियसचे मुंडके आहे. 2020 मध्ये ते न्यूयॉर्कच्या फौजदारी न्यायालयासमोर उभे राहिले. तेव्हा अनेकांनी विचारले, मुंडके पर्सियसचे का, अत्याचारी तर पोसायडन होता ना? ज्याने ऑव्हिड वाचला आहे, त्यालाच हा प्रश्न सुचतो.

अडचण वेळेची आहे, हे मान्य. एकेका शिक्षकापुढे वह्यांचे गठ्ठे असतात आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण ठरल्या तारखेला भरावे लागतात. पण पहिला खर्डा हाच शेवटचा, ही पद्धत मुलांना वाचायला नाही, नुसते उरकायला शिकवते. प्राध्यापकांनी सत्रात निदान एक निबंध गुण न देता परत करावा. समासात दुरुस्त्या नकोत, तीनच प्रश्न हवेत : हे कोणत्या ग्रंथात आहे, तिथे ते कोण सांगतो, आणि तुमचे विधान त्यातल्या कोणत्या ओळीवर उभे आहे? गुण दुसऱ्या खर्ड्याला द्यावेत आणि विद्यापीठांनी त्यासाठी वेळापत्रकात दोन आठवडे राखून ठेवावेत.