उंदराची चरबी, आईचं ताट आणि आपल्या घरातला मधुमेह

मार्च 2025 मध्ये मौंजारो आणि त्याच वर्षी जूनमध्ये वेगोव्ही, अशी वजन उतरवणारी दोन इंजेक्शनं भारतात आली. त्याआधी फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये लठ्ठपणाचा विषय काढून घरातलं तेल 10 टक्के कमी करायला सांगितलं. मे महिन्यात सीबीएसईने आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले. वजन हा आता देशाचा विषय झाला आहे. पण नागभीडसारख्या धानपट्ट्यात, जिथे कुपोषणाची काळजी अजून सुटलेली नाही, तिथल्या आपल्या घरांचा याच्याशी काय संबंध? संबंध जवळचा आहे. तो समजून घ्यायला आधी प्रयोगशाळेतल्या उंदरांकडे जावं लागेल.

चरबी म्हणजे नुसता साठा नाही

1949 मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीत काही उंदीर साध्या उंदरांच्या जवळपास तिप्पट वजनाचे निघाले. ते सतत खात असत. पुढे डग्लस कोलमन या शास्त्रज्ञाने अशा जाड उंदराचा रक्तप्रवाह साध्या उंदराशी जोडून पाहिला. जाड उंदीर कमी खाऊ लागला! साध्या उंदराच्या रक्तात ‘आता बस’ असं सांगणारं काहीतरी होतं, जे जाड उंदरात नव्हतं. 1994 मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने तो जीन शोधला. त्या जीनवरून बनणाऱ्या हार्मोनला लेप्टिन हे नाव मिळालं.

लेप्टिन तयार होतं चरबीच्या पेशींमध्ये. म्हणजे चरबी ही धानाच्या पोत्यासारखी कोपऱ्यात पडून राहणारी वस्तू नाही, ती मेंदूला निरोप पाठवते. जीन बिघडला की निरोप जात नाही. पोट भरलेलं असूनही मेंदू शरीराला उपाशीच समजतो.

‘जीन’ची गोष्ट चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला नवी नाही, सिकलसेलने ती इथे घराघरात पोहोचवली आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. लेप्टिनच्या दोषाचा हिशोबही अगदी असाच आहे.

1997 मध्ये इंग्लंडमधील केंब्रिजच्या संशोधकांना माणसात हा दोष पहिल्यांदा सापडला. आठ वर्षांची मुलगी, वजन 86 किलो, आणि तिच्या नात्यातला दोन वर्षांचा मुलगा, वजन 29 किलो. कुटुंब मूळचं पाकिस्तानी, आणि नात्यात लग्नं झालेलं. पुढे त्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं दिली, तेव्हा भूक आटोक्यात आली आणि वजन उतरलं. या कामात आघाडीवर असलेल्या डॉ. सदफ फारूकी यांचं नाव आज जगभर घेतलं जातं. नंतर पाकिस्तानातच, नात्यात लग्नं होणाऱ्या समाजातल्या अतिलठ्ठ मुलांचा अभ्यास झाला. 2015 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सुमारे 30 टक्के मुलांत तीन ठराविक जीन्सपैकी एकाचा दोष आढळला.

हे आपण डोळे उघडून वाचलं पाहिजे. मामे-चुलत भावंडांत निकाह जायज आहे, फर्ज नाही. ज्या घराण्यात पिढ्यानपिढ्या नात्यातच सोयरीक होते, तिथे लपलेला दोष दोन्ही बाजूंनी येऊन भेटण्याची शक्यता वाढते. खानदानात एखादं मूल वर्षा-दोन वर्षांच्या वयापासून अफाट भुकेलं आणि अफाट जाड असेल, तर नजर उतरवत बसण्यापेक्षा मोठ्या रुग्णालयात दाखवा. आणि सोयरीक ठरवण्याआधी सिकलसेलची तपासणी करून घ्या. 1 जुलै 2023 पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू आहे.

बारीक दिसणारी, पण चरबीची बाळं

मात्र एकाच जीनने होणारा लठ्ठपणा फार क्वचित. आपल्या बहुतेक घरांत जे वजन वाढतं, त्यात लेप्टिन भरपूर असतं, पण मेंदू ते ऐकत नाही. तिथे अनेक जीन्सचा थोडाथोडा हात असतो आणि बाकीचं काम खाणं-राहणं करतं. आपल्या महाराष्ट्रातल्या पुण्याने या प्रश्नात जगाला एक मोठी गोष्ट शिकवली.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले आहेत. तिथली नवजात बाळं सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधली 3.5 किलोची. आपली बाळं हाता-पायाने बारीक होती, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. पुणे आणि लंडनच्या बाळांच्या नाळेचं रक्त तपासलं, तेव्हा आपल्या बाळांचं वजन कमी असूनही लेप्टिन जवळपास तेवढंच आणि इन्सुलिन उलट जास्त निघालं.

2004 मध्ये डॉ. याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. उंची-वजनाचा निर्देशांक (बीएमआय) दोघांचा सारखाच, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के! म्हणून ‘आमचा पोरगा तर काडी आहे, त्याला कसली शुगर’ हे बोलणं खरं धरून चालत नाही. 2023 साली आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13.6 कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. 100 प्रौढांपैकी जवळपास 40 जणांचं पोट हद्दीबाहेर गेलेलं आहे.

ही चरबी येते कुठून? उत्तरासाठी परत उंदीर. पुण्यात मोठ्या जातीच्या उंदरांना 50 पिढ्या अर्धपोटी ठेवण्यात आलं. मग पोटभर खाणं दिलं. 2015 मध्ये छापलेला निष्कर्ष असा की दोन पिढ्या नीट खाऊनही लठ्ठपणा आणि मधुमेहाचा धोका गेला नाही. त्यांच्या रक्तात बी-12 कमी होतं. अमेरिकेत 2003 मध्ये पिवळ्या, लठ्ठ होणाऱ्या उंदरांच्या जातीत गाभण माद्यांना फॉलिक अॅसिड, बी-12 वगैरे जास्त दिलं, तेव्हा तपकिरी पिल्लं वाढली. या जातीत तपकिरी पिल्लं सडपातळ राहतात. जीन तोच होता, आईच्या खाण्याने तो दाबला गेला.

पुण्याच्या गावांतही धागा तिथेच जुळला. गरोदरपणी ज्या मातांचं बी-12 कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची खूण सर्वात जास्त दिसली. याचा अर्थ फॉलिक अॅसिडच्या गोळ्या बंद करा, असा मुळीच नाही. बाळाच्या मेंदू-मणक्यासाठी त्या लागतातच. अर्थ एवढाच की सोबत बी-12 कडेही पाहा.

मग करायचं काय?

बी-12 मांस, मासे, अंडी, दुधात असतं. आपण म्हणतो, आपल्या घरात तर गोश्त शिजतं, मग कमी कसं पडेल? पण शिजलेलं कोणाच्या ताटात जातं, ते पाहा. आधी मर्द, मग मुलं, आणि शेवटी सुनेच्या वाट्याला रस्सा आणि भात. आठवी-दहावीतल्या मुली तर रिकाम्या पोटी शाळेत येतात, हे आम्हा शिक्षकांना रोज दिसतं. आज वर्गात बसलेली मुलगी उद्याची आई आहे. याज्ञिकांच्या गटाने 2012 पासून त्याच गावांतल्या किशोरवयीन मुला-मुलींना बी-12 देऊन पाहण्याचं काम सुरू केलं, ते याच विचाराने. आपल्याकडे तलावांचे मासे आहेत, अंडी आहेत. दस्तरखानवर मुलगी आणि सून सगळ्यांसोबत बसली आणि बोटीचा वाटा त्यांनाही मिळाला, तर ते कोणत्याही इंजेक्शनपेक्षा स्वस्त पडेल.

मोठ्यांनी कंबर मोजावी. पुरुषांची 90 सेंटीमीटरच्या वर आणि बायकांची 80 च्या वर असेल, तर वजन कमी असलं तरी शुगर तपासून घ्यावी. पोटाचा एक हिस्सा रिकामा ठेवावा ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो, वलीम्याच्या दावतीतही ती आठवली पाहिजे.

राहिली ती इंजेक्शनं. जेवल्यावर आतड्यातून सुटणाऱ्या हार्मोनची नक्कल करून ती भूक कमी करतात. ज्यांना खरंच गरज आहे, त्यांना डॉक्टर देतील. पण सोडली की गेलेलं बरंचसं वजन परत येतं, हेही अभ्यासात दिसलं आहे. ओळखीच्याकडून मागवून टोचून घेण्याची ती वस्तू नाही.

शेवटची गोष्ट खर्चाची नाही. जाड मुलाला ‘हत्ती’, बारीक मुलीला ‘काडी’ म्हणणं आपल्या घरांत सर्रास चालतं. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची थट्टा करायला आणि वाईट नावं ठेवायला साफ मनाई आहे. ज्या शरीराची घडण काही अंशी आईच्या पोटात आणि आजीच्या उपासमारीत ठरली, त्या शरीरावरून लेकराला कमी लेखण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?