दुसरा प्लग आणि शहाणपणाची तारीख

नांदेडच्या एका व्याख्यानात परवा वक्त्यांनी पेटंटवाल्यांना झोडपून काढलं. म्हणणं असं : इंजेक्टरच्या नोझलला एक भोक वाढवायचं, एका स्पार्क प्लगसमोर दुसरा बसवायचा आणि 20 वर्षांची मक्तेदारी मागायची, असली अक्कल लातूरच्या कुठल्याही फिटरकडे असते. दाखला बजाजच्या दोन प्लगांच्या इंजिनाचा. ते पेटंट न्यायालयानेच उडवलं, असंही ठोकून दिलं. टाळ्या पडल्या.

न्यायालयाने ते उडवलेलं नाही. बजाज ऑटोचा अर्ज जुलै 2002चा, पेटंट 2005चं. टीव्हीएसची फ्लेम ही दोन प्लगांची मोटारसायकल आली तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2008 मध्ये अंतरिम मनाई दिली, मे 2009 मध्ये खंडपीठाने ती उठवली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरात हिशेब ठेवण्याच्या अटीवर विक्री चालू ठेवू दिली आणि मूळ दावा 30 नोव्हेंबरपर्यंत निकाली काढायला सांगितलं. तो निघालाच नाही. 2019 मध्ये दोघांनी तडजोड केली. मनाई उठली म्हणजे पेटंट रद्द झालं, हा निष्कर्ष कायद्यात कुठेच बसत नाही.

पण मला खरा राग आहे तो फिटरच्या तोंडी घातलेल्या वाक्याचा. आज हेड उघडून दोन प्लग पाहिले की ‘यात काय’ असं कोणीही म्हणेल. उत्तर फुटल्यावर कोडं सोपंच वाटतं. कायदा विचारतो ते वेगळं : अर्जाच्या दिवशी, तेव्हाच्या माहितीवर, त्या कामातल्या जाणकाराला हे सहज सुचलं असतं का? दोन प्लग विमानांच्या इंजिनांत जुनेच होते. होंडाचं अमेरिकी पेटंटही टीव्हीएसने पुढे केलं होतं. बजाजचा दावा मात्र 45 ते 70 मिलिमीटर बोअरच्या छोट्या इंजिनाचा होता. एवढ्या लहान सिलिंडरात ज्योतीला जायचं अंतरच थोडं. मग दुसरा प्लग कशाला, असंच जाणकार म्हणाला असता. पेट्रोल कमी, हवा जास्त असलेलं मिश्रण रेंगाळत जळतं आणि दोन ठिकाणांहून पेटवलं तर जळण लवकर उरकतं, हे तिथे सिद्ध करायचं होतं. व्हॉल्व्हच्या दाटीत दुसऱ्या प्लगला जागा काढायची होती, ती वेगळीच. हे सगळं झाकून ‘एक प्लग वाढवला’ म्हणणं ही लबाडी आहे.

न्यायालयं काहीही खपवून घेतात, हा आरोपही जुनाच. भांडी कातण्याच्या लेथवरचं पेटंट सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये अवैध ठरवलं होतं. नुसती कारखान्यातली सुधारणा शोध होत नाही, हे तेव्हाच ठरलं. फिटरच्या पोटावर पाय येतो म्हणावं, तर विकलेल्या गाडीची दुरुस्ती पेटंट अडवत नाही. मक्तेदारीचं म्हणाल, तर या अर्जाची 20 वर्षं 2022 मध्ये संपली.

माझी मागणी साधी आहे. ‘हे उघडच होतं’ म्हणणाऱ्याने अर्जाच्या तारखेआधीचा कागद, नकाशा किंवा विकलेला माल दाखवावा आणि त्यातून ही जोडणी जाणकाराला कशी सुचली असती तेही सांगावं. पेटंट कायद्याच्या कलम 25(1) प्रमाणे अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, पेटंट मिळण्याआधी, कोणालाही लेखी विरोध करता येतो. नांदेडच्या वक्त्यालाही आणि लातूरच्या फिटरलाही. त्या फिटरने तसं इंजेक्टर किंवा तसं हेड आधीच केलं असेल, तर व्याख्यानात त्याचं नाव वापरण्याऐवजी त्याचा विरोधाचा अर्ज लिहून द्यायला वक्त्यांनी बसावं.