मंडळीचे ऐक्य : अदृश्य की दृश्य?

ख्रिस्ती मंडळीचे ऐक्य मुळात आत्मिक व अदृश्य असल्यामुळे पंथोपपंथांनी प्रत्यक्ष एकत्र येण्याचे कारण नाही, असा युक्तिवाद प्रॉटेस्टंट वर्तुळात वारंवार केला जातो आणि त्याच्या पुष्ट्यर्थ इफिसकरांस पत्रातील एक शरीर व एक आत्मा ही शिकवण पुढे केली जाते. परंतु त्याच पत्रात ऐक्य राखण्यासाठी झटण्याचा आदेश आहे, आणि जे आपोआप टिकते त्यासाठी झटण्यास कोणी सांगत नाही. योहानाच्या सतराव्या अध्यायात येशू शिष्यांच्या एकीसाठी प्रार्थना करतो ती जगाने विश्वास ठेवावा म्हणून. तेव्हा जी एकी जगाला दिसतच नाही तिच्यावरून जगाने विश्वास कसा ठेवावा, या प्रश्नाला अदृश्यवाद्यांपाशी उत्तर नाही.

मात्र दृश्य ऐक्य म्हणजे सर्वत्र एकच विधी, हा निष्कर्षही तितकाच चुकीचा आहे. यरुशलेमच्या सभेने (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 15) परराष्ट्रीयांवर सुंता लादली नाही, तरी मोजके निर्बंध घालून यहुद्यांशी त्यांचा सहवास शक्य केला. 1961 मध्ये नवी दिल्लीच्या विज्ञान भवनात भरलेल्या जागतिक चर्च परिषदेच्या तिसऱ्या महासभेनेही ऐक्याची कल्पना स्थानिक पातळीपासून मांडली : एकेका ठिकाणच्या सर्व बाप्तिस्माप्राप्तांनी एका विश्वासात व एका भाकरीत सहभागी व्हावे.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन इत्यादी सहा मंडळ्यांतून साकारलेल्या ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ने बालबाप्तिस्मा आणि जाणत्या वयात विश्वास कबूल करून घेतलेला बाप्तिस्मा या दोन्ही परंपरांना एकाच मंडळीत स्थान दिले. ज्या प्रश्नावरून युरोपात शतकानुशतके फाटाफूट झाली, त्यावर येथे कोणत्याही पक्षाला आपली परंपरा सोडावी लागली नाही.

गुजरातमधील ब्रदरन मालमत्तेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये, केवळ विलीनीकरणाच्या ठरावाने मालमत्ता हस्तांतरित होत नाही, असा निर्णय दिला. त्यावर बोट ठेवून हे ऐक्य कागदी ठरवले जाते. पण न्यायालयापुढे प्रश्न मालकीहक्काचा होता, सहभागितेचा नव्हता. खरी उणीव दुसरीकडे आहे. नवी दिल्लीतील ‘रिडेम्प्शन’ हे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे आणि ‘सेक्रेड हार्ट’ हे रोमन कॅथलिकांचे, ही दोन्ही कॅथीड्रल हेन्री मेड या एकाच वास्तुविशारदाने उभारली, तरी त्यांतील प्रभुभोजन अद्याप सामाईक नाही. विलीनीकरणाचे ठराव किती झाले यापेक्षा एका मेजाभोवती कोण बसू शकतो, हीच ऐक्याची शास्त्रोक्त कसोटी होय.