एका घरात श्रद्धा आणि अश्रद्धा : समलिंगी जोडीदारांचा दुहेरी पेच

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यांच्या घटनापीठाने समलिंगी विवाहास कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला. जानेवारी २०२५ मध्ये त्या निकालाविरुद्धच्या पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. विषय संपला, असे अनेकांना वाटले. न्यायालयापुरता तो तूर्त मिटला असेल. घराघरांतला मिटलेला नाही. अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत नोकरीनिमित्त भाड्याच्या घरांत राहणाऱ्या तरुणांमध्ये असे जोडीदार आहेत. वसईहून रोज विरार लोकलने तिकडे जाणारी आपली मुलेही या वास्तवापासून दूर नाहीत. त्यांतील काहींच्या वाट्याला आणखी एक पेच येतो. एकजण श्रद्धावान असतो, रविवारची मिस्सा न चुकवणारा. दुसऱ्याचा देवधर्मावर विश्वास नसतो. समलिंगी प्रेमाविषयी ख्रिस्तसभा काय म्हणते, हे वाचकांनी अनेकदा वाचले आहे. या दुसऱ्या पेचाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. म्हणून आज त्याचा विचार करू.

प्रथम कायद्याची पार्श्वभूमी. १८६० च्या भारतीय दंडविधानातील कलम ३७७ नुसार असे संबंध गुन्हा ठरत. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते कलम रद्दबातल ठरवले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने गुन्ह्याचा हा कलंक अखेर पुसला. २०१३ च्या निकालानंतर मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी स्पष्ट केले होते, की समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानावे अशी ख्रिस्तसभेची भूमिका नाही. त्याच वेळी विवाह हा स्त्री-पुरुषांचाच, हेही त्यांनी सांगितले होते. या दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवणे अनेकांना जड जाते. कोणी पहिली विसरतो, कोणी दुसरी.

या चळवळीचे एक उगमस्थान मुंबईच आहे. पत्रकार अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले आणि १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ची स्थापना झाली. सांताक्रूझच्या वाकोल्यात तिचे काम वाढले. याच कवींनी तरुणपणी मनाच्या कोंडीतून सुटण्यासाठी रामकृष्ण मिशनमध्ये संन्यासमार्ग धरला होता. पुढे एका ज्येष्ठ संन्याशाच्याच प्रोत्साहनाने ते मठातून बाहेर पडले. त्यांच्या सर्व मतांशी आम्ही सहमत नाही. परंतु ज्याच्या मनात असे वादळ उठते, तो पुष्कळदा प्रथम देवाच्या दारीच येतो, हे त्यांच्या चरित्रावरून ध्यानात घ्यावे. त्या दारात त्याला कोण भेटते आणि काय ऐकवते, यावर त्याचे पुढचे आयुष्य अवलंबून राहते.

कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचे परिच्छेद २३५७ ते २३५९ या विषयावर आहेत. समलिंगी कृती नैतिक व्यवस्थेला धरून नाहीत, असे तेथे म्हटले आहे. अशा व्यक्तींना आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकारावे, त्यांच्याशी अन्याय्य भेदभाव करू नये, असेही त्याच ठिकाणी बजावले आहे. त्यांना शुद्धतेचे पाचारण आहे आणि प्रार्थना व संस्कारकृपा यांचा आधार त्यांनाही आहे. ही वाट कठीण आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. कठीण वाटेवर चालणाऱ्याला सोबत लागते. आपल्या धर्मग्रामांत सोबत करणारे थोडे आणि कुजबुजणारे फार असतात.

आता मूळ पेचाकडे वळू. अशा नात्यातील श्रद्धावान तरुणावर दोन बाजूंनी ताण पडतो. नातलग म्हणतात, त्याला सोड. जोडीदार म्हणतो, चर्च सोड. जे तुला कमी लेखतात त्यांच्या दारात कशाला उभा राहतोस? पहिल्या मागणीत धर्माची भाषा असते, दुसरीत स्वाभिमानाची. दोन्हींमध्ये त्याला स्वतःचे अर्धे अंग कापून टाकायला सांगितले जाते. अशा कोंडीत पुष्कळजण गाजावाजा न करता मिस्सा सोडतात. आपण मात्र रिकाम्या बाकाकडे पाहून, शहरात गेला आणि बिघडला, असे म्हणून मोकळे होतो.

दुसऱ्याची अश्रद्धाही समजून घेतली पाहिजे. ७ डिसेंबर १९६५ रोजी घोषित झालेल्या ‘गौदियुम एत स्पेस’ या दस्तऐवजात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने नास्तिकतेचा विचार करताना मोठ्या धैर्याने म्हटले, की नास्तिकता निर्माण होण्यात श्रद्धावंतांचाही वाटा असू शकतो. आपल्या वर्तनातील दोषांमुळे देवाचे खरे मुख प्रकट होण्याऐवजी झाकले जाते. हे वाक्य आपल्या विषयाला थेट लागू पडते. त्या नास्तिक जोडीदाराने शुभवर्तमान कदाचित उघडलेले नसेल. आपल्या प्रिय माणसाला त्याच्या धर्मबांधवांनी कसे वागवले, हे मात्र त्याने रोज पाहिलेले असते. ख्रिस्तसभेविषयीचा त्याचा निवाडा त्यावरूनच ठरतो.

श्रद्धाभेद असलेल्या घराचा अनुभव ख्रिस्तसभेला नवा नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात संत पौलाने विश्वास न ठेवणाऱ्या जोडीदारासह शांतीने नांदण्याचा उपदेश केला. संत मोनिका यांचे पती पात्रिसियस ख्रिस्ती नव्हते. वादविवादाने नव्हे, तर पत्नीच्या सहनशील वागणुकीने त्यांचे मन वळले. आजचे विधिनियमही हाच सुज्ञपणा जपतात. नियम ११२५ नुसार मिश्रविवाहात कॅथलिक व्यक्ती आपली श्रद्धा टिकवण्याचे वचन देते. दुसऱ्या पक्षाला त्या वचनाची जाणीव करून दिली जाते. त्याच्याकडून वचन घेतले जात नाही. श्रद्धेची सक्ती नको आणि श्रद्धेचा त्यागही नको, असा हा तोल आहे.

समलिंगी जोडीदारांचे नाते विवाह नसल्यामुळे हे नियम त्यांना लागू होत नाहीत. त्यामागचे शहाणपण मात्र त्यांच्यासाठी वर्ज्य का असावे? मेंढपाळाने त्या कॅथलिक तरुणाला सांगावे, की जोडीदाराला खूश ठेवण्यासाठी प्रार्थना सोडू नकोस आणि त्याला ओढून-ताणून देवळातही आणू नकोस. दुसऱ्यालाही सांगावे, की ज्याच्यावर तुझे प्रेम आहे त्याच्या देवाची चेष्टा करू नकोस. असा सल्ला दिल्याने विवाह संस्काराची व्याख्या बदलत नाही. शुद्धतेच्या शिकवणीलाही बाध येत नाही. १८ डिसेंबर २०२३ च्या ‘फिदुचिया सुप्लिकान्स’ या घोषणापत्राने अशा जोडीदारांना उपासनाविधीबाहेर, विवाहाचा आभास होणार नाही अशा रीतीने, साधा आशीर्वाद देण्यास मुभा दिली. त्यावर मोठा वाद झाला आणि आफ्रिकेतील बहुसंख्य बिशपांनी ती आपल्याकडे अमलात आणणार नाही असे कळवले. विवाहाविषयीची शिकवण त्या घोषणापत्राने बदललेली नाही. जो आशीर्वाद मागतो तो देवाची गरज कबूल करतो, एवढे तरी टीकाकारांनी लक्षात घ्यावे.

आईवडिलांशी आम्हाला कळकळीने बोलायचे आहे. ‘लग्न लावून दिले की सुधारेल’ या भरवशावर मुलाला बोहल्यावर चढवू नका. त्यात ज्या मुलीचा काहीही दोष नाही, तिचे आयुष्य होरपळते. इतकी मोठी गोष्ट लपवून दिलेली संमती ही खरी संमती होती का, असा प्रश्न पुढे ख्रिस्तसभेच्या विवाह न्यायमंडळासमोर उभा राहू शकतो. उपचाराच्या नावाखाली त्याला भोंदूंच्या हाती देऊ नका. असे ‘परिवर्तनाचे उपचार’ करणे हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केले आहे. मुलाचे सर्व निर्णय तुम्हाला पटणार नाहीत. तरीही नाताळला घराचे दार त्याच्यासाठी उघडे ठेवा.

या प्रश्नाची खरी कसोटी आजारपणात आणि मरणात लागते. वर्षानुवर्षे शुश्रूषा करणारा जोडीदार रुग्णालयाच्या कागदावर परका ठरतो. २०२४ मध्ये केंद्र सरकारने काही खुलासे केले. अशा जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडता येईल आणि एकमेकांना नामनिर्देशित करता येईल, शिधापत्रिकेसाठी ते एका घरातील मानले जावेत, आणि जवळचे नातलग उपलब्ध नसल्यास पार्थिवावर हक्क सांगता यावा, असे संबंधितांना कळवले गेले. हे माणुसकीचे किमान पाऊल आहे. शासन एवढे करू शकत असेल, तर अंत्यविधीच्या मिस्सेत त्या शोकाकुल माणसाला शेवटच्या बाकावर ढकलणे आम्हाला शोभेल काय? तो क्रुसाची खूण करणार नाही, ख्रिस्तप्रसादासाठी पुढे येणार नाही. कदाचित कित्येक वर्षांनी प्रथमच तो चर्चमध्ये पाऊल टाकत असेल. त्या तासाभरात त्याच्याशी आपण जसे वागू, तेच त्याच्या दृष्टीने आपले शुभवर्तमान असेल.

ख्रिस्तसभेची शिकवण आम्ही पातळ करू इच्छित नाही. ती सांगणाऱ्याचा आवाज मात्र प्रभूच्या आवाजासारखा असावा. प्रभू येशूने शोमरोनी स्त्रीशी विहिरीकाठी संवाद केला तेव्हा तिच्या जीवनातील सत्य त्याने लपवले नाही आणि तिला हाकलूनही दिले नाही. आधी त्याने तिच्याकडे प्यायला पाणी मागितले. आपल्या उपनगरांतील छोट्या ख्रिस्ती समूहांनी, युवक मंडळांनी आणि आम्हा धर्मगुरूंनी या प्रसंगावर मनन करावे. जो श्रद्धा जपून आहे त्याची ती विझू नये आणि ज्याला श्रद्धा नाही त्याच्या वाटेत आपण धोंडा होऊ नये, यासाठी प्रार्थना करू या.